कोरडी मोरी

बसवनगुडी, बेंगळूरु
गुरुवार

प्रिय प्रणीत,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी रम्याकडे बघितलं असशील आणि मग पाकीट फ्रिजवर ठेवून दिलं असशील, एवढं मी तुला ओळखते. ठेव हवं तर, पण चहा झाल्यावर उघड. फोन केला की तू नुसता ‘हं अक्का, हं अक्का’ करत राहतोस आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. व्हॉट्सॲपवर तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून आज ऑफिसला दांडी मारून लिहायला बसले आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत जायचास. वहिनी म्हणायला लाजायचास, म्हणून गल्लीतल्या पोरांसारखं मला अक्का म्हणायला लागलास. पुढे एवढं सगळं झालं तरी ते तू बदललं नाहीस. त्या जोरावरच हे पत्र लिहिते आहे.

आधी घरची बातमी सांगते. घरात चिलटं झाली आहेत. हसू नकोस. पिकलेल्या केळ्यांवर येतात ती नव्हेत, ही न्हाणीघरातली. बारीक, काळसर, अंगावर लव असलेली आणि उडायचासुद्धा कंटाळा करणारी. भिंतीला चिकटून बसतात, बोट लावलं की राखेसारखी पुसली जातात आणि दुसऱ्या दिवशी तितकीच पुन्हा हजर. आधी अप्पांच्या न्हाणीच्या दारावर दिसली, मग पॅसेजमधल्या आरशावर, आणि एक दिवस माझ्या वाटीतल्या सारात. त्या दिवशी मी पदर खोचला. माझ्या न्हाणीच्या मोरीत फिनेल ओतलं, उकळतं पाणी ओतलं. गांधी बझारातल्या त्रिविक्रमरावांच्या दुकानातून एक पावडर आणली. ‘स्वल्प टाका नीरजक्का, सगळं सरी होतं,’ म्हणाले. कसलं सरी नि कसलं ठीक. तुझी पुतणी मनू मणिपालहून रोज एक व्हिडिओ पाठवत होती. तिच्या सांगण्यावरून व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण वाटीत घालून ठेवला, कापूर जाळला, डांबराच्या गोळ्या टाकल्या. माझ्या न्हाणीला आता इस्पितळासारखा वास येतो. चिलटं मात्र तशीच. मी अगदी हात टेकले.

खरं तर इतके दिवस मी नको त्या जागी लढत होते. चिलटं अप्पांच्या न्हाणीतून येत असणार, हे मला कळत का नव्हतं? पण ती मडीची, सोवळ्याची न्हाणी. तिथे मी काय करणार? तुला सांगायला नको. पहाटे त्यांचं मडीचं स्नान, ओल्या पंच्याने तसंच देवघरात, आणि पूजा होईपर्यंत कुणी शिवायचं नाही. पारोशा माणसाने त्या दारात पायही ठेवायचा नाही. झाडणार तेच, धुणार तेच. लग्न झाल्यापासून मी त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता, आणि मनातलं सांगू, मला त्याचं सुखच वाटायचं. घासायची एक न्हाणी कमी.

तुला मात्र त्या न्हाणीने फार छळलं. तू जानवं काढून ठेवलंस तेव्हा अप्पा ओरडतील असं वाटलं होतं मला. ते ओरडले नाहीत, फक्त ‘मडीत असताना मला शिवू नकोस’ एवढंच म्हणाले. ओरडले असते तर तू राहिला असतास असं मला अजून वाटतं. मग तू आणि रम्या येलहंक्याला गेलात. सणावारी यायचात, बाहेरच्या खोलीत बसायचात, कॉफी प्यायचात आणि जायचात. आणि तुझा भाऊ, माझा गुरुराज, गेला तेव्हा काय झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. या वयाच्या बापाने मुलाचं सगळं स्वतःच्या हाताने केलं. हात थरथरत होते, भटजी दोनदा म्हणाले की धाकट्याला बोलवा. आणि तू, जानवं नाही म्हणून, फाटकाशी उभा. मी तेव्हा काही बोलले नाही, बोलायच्या अवस्थेत नव्हते. पण त्यानंतर तू घरी आला नाहीस, त्याबद्दल मी एका शब्दाने तुला दोष दिलेला नाही. आजही देत नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

गुरुराज असेपर्यंत अप्पांच्या स्नानाचं सगळं तोच बघायचा. पहाटे उठून आधी स्वतःची आंघोळ करायचा, मग त्यांना हाताला धरून आत न्यायचा, पाटावर बसवायचा, पाठ चोळायचा. दोघांचे स्तोत्राचे आवाज आतून यायचे, गुरुराजचा नेहमी बेसूर. तो गेल्यावर मी भीत भीत विचारलं की आता कसं करायचं. ‘मी करतो माझं,’ म्हणाले. आणि करतही होते. रोज पहाटे नळाचा आवाज, बादली भरल्याचा आवाज, तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज, स्तोत्र, मग ओल्या पंच्याने देवघरात. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि निश्चिंत व्हायची. मधे मधे त्यांच्या अंगाला थोडा वास यायचा. म्हातारपणाचा असेल म्हणून मी कानाडोळा केला. चालताना एका अंगाला झुकायला लागले होते. त्याचंही मी असंच काहीतरी ठरवून टाकलं.

मग मनूने नवा उपाय सांगितला. चिलटं कुठल्या मोरीतून येतात ते आधी शोध, म्हणाली. मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावायची, चिकट बाजू खाली. ज्या मोरीत त्यांचं घर असेल तिथली पट्टी भरते. अप्पा संध्याकाळी मठात गेले होते. मी इकडेतिकडे बघून, जसं काही चोरी करते आहे, त्या न्हाणीत शिरले आणि जाळीवर पट्टी लावून आले. सकाळी त्यांच्या स्नानाचं पाणी पडलं की ती निघून जाणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आलं आणि मी स्वतःला वेडी म्हटलं. पहाटे नेहमीचे सगळे आवाज झाले. अप्पा बाहेर आले, केस ओले, पंचा ओला. ते पूजेला बसल्यावर मी निघालेली पट्टी उचलून आणायला गेले. पट्टी जागच्या जागी होती. कोरडी. वरून एक थेंब नाही, खालून चिलटांनी भरलेली. फरशीही कोरडी होती. बादली मात्र काठोकाठ भरलेली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे दाराबाहेर उभी राहिले, लाज सोडून. दार जुनं आहे, फट आहे. अप्पा पाटावर बसले होते, कपडे अंगावर. तांब्या बादलीत बुडवत होते आणि पाणी पुन्हा बादलीतच ओतत होते. एकेक तांब्या. तोंडाने स्तोत्र चालू. माझ्यासाठी, प्रणीत. मला ऐकू जावं म्हणून. मग पंचा भिजवून पिळला, तोंडावरून, मानेवरून, केसांवरून फिरवला आणि तोच नेसले. रोज एवढंच. त्या मोरीतून महिनोन् महिने पाणी गेलं नव्हतं, आतला गाळ सडत होता आणि चिलटांचं चांगलं फावलं होतं.

मी त्याच दिवशी विचारलं, जेवण झाल्यावर. आधी म्हणाले, तुझा काहीतरी गैरसमज झाला. मग मी पट्टीचं सांगितलं. तेव्हा सगळं सांगितलं. संक्रांतीच्या आधी ते आत पडले होते. पाट सरकला आणि कुशीवर आपटले. पुष्कळ वेळ तसेच ओल्या फरशीवर पडून होते, मग बादलीला धरून धरून उठले. मी तेव्हा चार पावलांवर कुकर लावत होते. मला हाक का नाही मारली, असं मी ओरडूनच विचारलं. मला राग आला होता, एवढा राग मला गुरुराज गेला तेव्हाही आला नव्हता. तर म्हणाले, ‘हाक कशी मारणार? अंगावर ओला पंचा. तू सून.’ त्या दिवसापासून त्यांना न्हाणीत पाणी ओतायची भीती बसली. ओल्या फरशीवर पाऊल टाकवत नाही. आणि स्नान होत नाही हे कळलं तर मडी गेली, पूजा गेली, म्हणून हे नाटक. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि रडले. मग तोंड धुऊन आत आले, कारण ताक द्यायचं राहिलं होतं.

पुढचे दोन दिवस मी काम केलं. ती न्हाणी मी स्वतः धुतली. जाळी काढली, आत हात घातला, बाटली घासायच्या ब्रशने पाइपाच्या आतला चिकट थर खरवडून काढला. काय काय निघालं ते लिहीत नाही, तू जेवायला बसला असशील. मग सोडा आणि उकळतं पाणी. आता रोज एक बादली त्या मोरीत ओतते, चिलटं बरीच हटली आहेत. भिंतीला धरायला दांडा लावून घेतला, फरशीवर रबराची चटई घातली. पण तुला एक सांगू? मी आंघोळ न करता, घरच्या मॅक्सीवर त्या न्हाणीत शिरले आणि अप्पा बाहेर खुर्चीवर बसून होते, ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मला बाहेर काढायला हवं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दांडा लावला, चटई घातली, तरी ते आत पाणी घ्यायला तयार नाहीत. मग मी एका संस्थेतून माणूस बोलावला, म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणारा. बिचारा भला होता, ‘अज्जा’ म्हणून आजोबांशी बोलावं तसं बोलत होता. अप्पा रागावले की कानडीत जातात, तुला ठाऊक आहे. ‘बेड,’ म्हणाले, नको, आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. त्या माणसाला कॉफी देऊन परत पाठवला. कडी काही निघेना. जेवायला नाही, औषधाला नाही. मी दाराशी उभी राहून समजावलं, रागावले. घरात ते आणि मी, दोघंच. मी फार थकले आहे रे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मनूलाही नाही.

आणि मग बंद दाराशी माझ्या तोंडून निघून गेलं की प्रणीतचा फोन आला होता, तो रविवारी येतो आहे, तो तुम्हाला न्हाऊ घालणार आहे. का बोलले मला माहीत नाही. आतून कडी निघाली. दारात उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, ‘मी पडलो ते त्याला कळलं?’ मी हो म्हटलं. ‘सरी,’ म्हणाले आणि जेवायला बसले. ही कालची गोष्ट. आज सकाळी बघते तर मागच्या अंगणात मडीचे कपडे वाळत घालायच्या उंच बांबूवर दोन पंचे होते. एक त्यांचा. दुसरा नवा, लाल काठाचा, घड्यांच्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. दगडावर बसून त्यांनी स्वतः धुतला आणि काठीने वर सरकवून घातला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, प्रणीत न्हाणीत येणार तर त्याला नेसायला मडीचा पंचा लागेल. जानव्याचं काहीतरी बोलतील म्हणून मी तिथेच थांबले. नाही बोलले. तू फोन केला नव्हतास हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. कुरियरवाला हे पत्र उद्या पोचवतो म्हणाला, म्हणजे तुला शनिवारचा दिवस मिळेल, हवं तेवढं रागवायला. फाटकाशी उभा केलेला मुलगा आहेस तू, तुला हक्क आहे. नाही आलास तर मी तुला काही म्हणणार नाही. पण मग त्यांना सांगावं लागेल की मी खोटं बोलले, आणि तो पंचा बांबूवरून उतरवायला त्यांनाच सांगावं लागेल, कारण मला तर त्याला शिवता येत नाही.

तुझीच,
नीरजक्का