बॉस आलाय, नंतर बोलते

२ एप्रिल २०२१, वाखनिंगन
कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कोरोनामुळे बियाण्यांच्या कंपनीत नवी माणसं आधी कमी केली. ठीक आहे. उद्यापासून रोज अर्ज. आईला दुसरी नोकरी लागल्यावरच सांगायचं. घरातली पहिली पदवीधर नेदरलँड्समध्ये रिकामी बसलीय, हे नागपुरात वस्तीला आत्ताच कळायची गरज नाही.

३ एप्रिल
अर्ज उद्या. शेजारच्या खोलीतल्या प्रतीकने त्याचा गेम दिला. डोकं शांत होईल म्हणाला. तलवार, जादू, किल्ले आणि प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी एक बॉस. पहिलाच बॉस राखेचा राजा. सारखी मरतेय. निश्चय: हा हरला की आत्मविश्वास येईल. आत्मविश्वासाने लिहिलेला अर्ज वेगळाच असतो.

५ एप्रिल, दुपार
राजा सिंहासनावरून उठला आणि आईचा फोन. म्हटलं, बॉस आलाय, नंतर बोलते. तिने ताबडतोब ठेवला. इतक्या अदबीने तिने आजवर कुणाचा फोन ठेवला नसेल.

संध्याकाळ
आईने विचारलं, साहेब रागावले तर नाहीत? म्हटलं, बॉस रागीटच आहे. हे खरंच आहे. खोटं न बोलण्याचं चौथं शील शाबूत.

९ एप्रिल
आई रोज बॉसची चौकशी करते. मी खरं तेच सांगते. अंगावर येतो. दमल्यासारखं दाखवतो आणि नेमका तेव्हाच वार करतो. आई म्हणाली, "सगळे साहेब असेच असतात. काहून त्याच्या समोर जातेस? खाली मान घालून बाजूने निघून जा."
वाकून बाजूने गेले. पहिला टप्पा पार. प्रतीकला हे सुचलं नव्हतं.
अश्वजितमामाला मेसेज केला होता, उत्तर नाही. कॉलेजच्या ॲडमिशनला मला सायकलवर डबलसीट नेणारा मामा. माझ्या मेसेजला तो लगेच अंगठा तरी पाठवतो. आई म्हणते, त्याचा फोन बिघडलाय.

१४ एप्रिल
जयंती. विहार बंद. आईने व्हिडिओवर फोटोपुढची मेणबत्ती दाखवली. दरवर्षी निळा फेटा बांधून पुढे असणारा मामा दिसला नाही. गावी गेलाय म्हणाली. बरं झालं, तिथे हवा चांगली. आईचे डोळे लाल होते. मेणबत्तीचा धूर.
आजच्या दिवशी संकल्प: सोमवारपासून अर्ज.

१९ एप्रिल
सोमवार. प्रतीकने विचारलं, किती अर्ज गेले? म्हटलं, तयारी चालू आहे. तो म्हणाला, राखेचा राजाच तुला पर्मनंट करून घेईल. मी लक्ष दिलं नाही. इथे अजून कर्फ्यू आहे. असल्या देशात माणसं भरती कोण करतंय? हा डच लोकांचा प्रश्न आहे, माझा नाही.
मामाचा फोन अजून बंद. गावात दुरुस्तीला वेळ लागतोच.

२४ एप्रिल
जिंकले. हल्ली आईशी बोलता बोलताच खेळते. राजा कोसळला तशी ओरडले, "आई, बॉस मेला."
पलीकडून हळूच, "कोरोनानेच का गं?"
मी अजून हसत होते. तेवढ्यात सुचलं. साहेब गेले, म्हणून कंपनी बंद, म्हणून नोकरी गेली. किती सरळ जमतंय. मी हो म्हटलं, कंपनीही बंद झाली म्हटलं. शील नंतर नव्याने घेता येतं.
आई रडली. ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसासाठी. म्हणाली, नोकरी मिळेल दुसरी, तू त्यांच्या बायकोला भेटून ये.

२५ एप्रिल
आईचा फोन. वस्तीत इतकी माणसं गेली, म्हणून बायका आज आपापल्या घरूनच मोबाईलवर गेलेल्यांची नावं घेऊन बुद्धवंदना म्हणणार होत्या. साहेबांचं नाव काय? त्यांचंही घेते म्हणाली. मला पटकन दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, राजा.
"बरं. आधी अश्वजितचं घेते, मग त्यांचं."
मी विचारलं, मामाचं कशाला?
ती म्हणाली, "बारा तारखेलाच गेला, मनू. तुझं तिकडे साहेबाशी एवढं चाललेलं. म्हटलं, नोकरीवरच्या पोरीला आत्ता नको सांगायला."
आईने मलाही कॉलवर जोडून घेतलं आणि वंदना सुरू झाली. मी माइक बंद ठेवला. आईने मामाचं नाव घेतलं. मग राजासाहेबांचं घेतलं, थोडं सावकाश, परदेशी माणसाचं नाव चुकू नये म्हणून. शेवटी सगळ्या बायकांनी दोघांसाठी 'साधू, साधू, साधू' म्हटलं.
मीही म्हटलं.