माशांचे पंखे

प्रिय दादा,

फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. नोकरीला जाताना तू माशांची टाकी माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी ठेवलीस आणि म्हणालास, "पुस्तकी किडे, चार दिवस सांभाळ." त्याला चौदा महिने झाले. या उन्हाळ्यात पाण्याचे तापमान तेहतीस अंशांवर गेले. मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. तुला कळवले, तर तू हसलास. "तुझ्याच्याने व्हायचं नाही. मासे घेतले त्या दुकानदाराला सांगतो, टाकी घेऊन जाईल." मी गप्प बसले. माझे गप्प बसणे म्हणजे होकार, असा या घरात सर्वांचाच समज आहे.

तुझ्या मोडक्या संगणकातले दोन पंखे मी काढले आणि पाण्यावर तिरपा वारा लागेल असे काठावर बसवले. वाफ होताना पाण्यातली उष्णता घेऊन जाते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य प्रथमच माझ्या कामाला आले. पंखे आपोआप चालावेत म्हणून तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात सोडला. अठ्ठावीसला पंखे सुरू, अठ्ठावीसलाच बंद, असे अगदी काटेकोर लावून दिले, आणि तो काटेकोरपणाच नडला. पाणी त्या आकड्याशी घुटमळले, की पंखे चालू-बंद करणारा रिले दुपारभर टकटकायचा. आई म्हणाली, "अगं, मासे जगतील, पण मला वेड लागेल! मी इथे घामाने निथळतेय आणि त्यांना मात्र दोन-दोन पंखे!" तिसऱ्या दिवशी रिले जळाला. मी रडले, मग नवा बसवला आणि मध्ये एका अंशाचे अंतर ठेवले. आता पंखे अठ्ठावीसला लागतात, सत्तावीसला थांबतात. रोज तांब्याभर पाणी उडून जाते, तेवढे मी भरते. एकही मासा दगावलेला नाही.

आज सकाळी तुझा दुकानदार जाळी आणि बादल्या घेऊन दारात उभा राहिला. "दादांशी बोलणं झालंय, ताई, जरा बाजूला व्हा." मी झाले नाही. "माझ्याशी झालेलं नाही" एवढे म्हणाले आणि दार लावून घेतले. तो तुझ्याकडे तक्रार करीलच. त्याआधी तुला माझ्याकडून कळावे, म्हणून हे पत्र. शब्द तू दिला होतास, तेव्हा त्याची समजूत तूच घाल. माझ्यावर रागवायचे असेल तर खुशाल रागव. टाकी मिळणार नाही.

तुझीच, आणि या वेळी न ऐकणारी,
धाकटी