परक्यांना हाकलायचं काम

१० डिसेंबर १९७२. बोधन.
देगलूर सोडलं ते कायमचं. तिकडं विहिरीत पाणी नाही, रानात काडी नाही आणि माणसांना माझी किंमत नाही. इथं आंध्रात कालव्याचं पाणी, भात आणि राईस मिल. हमालीला लागलो. बरोबर मेहुणा पंढरी, बायकोचा भाऊ. ताकद त्याची, डोकं माझं.
संकल्प : महिन्याभरात मुकादम व्हायचं आणि चांगुणाला इथं आणायचं. माझ्या बायकोनं दुष्काळी कामावर खडी फोडावी हे माझ्या पोझिशनला शोभत नाही.

१४ डिसेंबर.
गेटवर गावातली पोरं जमली. महाराष्ट्रातले येऊन आमची कामं खातात, हाकला त्यांना, अशी ओरड. पुढारी संगप्पा. त्यानं दोन हमालांना कानफटवलं, मग माझ्याकडं वळला. मी इथल्याच बाणसवाड्याचा, असं तेलुगूत ठणकावलं. माझं तेलुगू ऐकून तो पुढच्या हमालाकडं वळला. छाप पडली. पंढरी पोत्यांच्या थप्पीमागं लपला होता. भित्रा.

१६ डिसेंबर.
मालकानं स्वतः बोलावलं. रोजची दगडफेक परवडत नाही म्हणाला, बाहेरचे कोण ते तूच हुडक आणि काढ. गेटची ड्यूटी, काठी आणि मागची खोली दिली. मुकादम आता माझ्यापुढं कोण! चांगुणाला निरोप धाडला, निघून ये.
संकल्प : काठी फक्त दाखवायला.

१७ डिसेंबर.
काठी वापरावी लागली. मुखेडचा केरबा, म्हातारा, कित्येक वर्षं इथंच पोती उचलतो. प्रेमानं सांगत होतो, बाबा, नीघ. तो पाया पडायला वाकला आणि ऐन वेळी त्याचं डोकं काठीच्या वाटेत आलं. कपाळ फुटलं. संगप्पानं पाठ थोपटली. नंतर मला जेवण गेलं नाही. भात कच्चा होता.

२२ डिसेंबर.
आज तिघे. एकाचा दात पडला. आधीच हलत असणार. दुसऱ्याला खाली पाडून तुडवत होतो तर तो माझ्या पोटरीला चावला. ही माणसं मुळातच हिंस्र.

२६ डिसेंबर.
चांगुणा आली. खोली बघून हरखेल वाटलं होतं. काठीवरचे डाग बघून म्हणाली, तुमी बी तिकडलेच की, मग कुणाला मारू लागलाव? बायकांना ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही.

२ जानेवारी १९७३.
अडचण. उरलेले सगळे फर्डं तेलुगू बोलतात. ओळखायचे कसे? संगप्पा म्हणतो, अजून आहेत, हुडक, नाहीतर तुझंही बघावं लागेल. गंमत करतो तो.
रात्री डोकं चाललं. परवा येळवस! मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या देगलूर-उदगीरकडचा माणूस त्या दिवशी अंगात ताप असला तरी रानात जाऊन शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाणार, ताकातली अंबील पिणार. इथल्या भातवाल्यांना त्याचा पत्ता नाही. परवा जो रजा मागेल, ज्याच्या चुलीवर भज्जी शिजेल, तो तिकडचा! लगेच जाऊन संगप्पाला युक्ती सांगितली. बाणसवाड्याच्या माणसाला हे कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं. भारावला असणार.

४ जानेवारी.
एकानंही रजा मागितली नाही. घाबरट लेकाचे, सणसुद्धा सोडला. चुलींवर नुसता भात.
वास आला तो माझ्याच खोलीतून.
चांगुणानं भज्जी केली होती. अंबिलीचं मडकं भरून कालव्याच्या काठी पंढरीला जेवायला घेऊन बसली होती. मी पोचलो तर मागोमाग संगप्पा आणि पोरं. त्यानं पंढरीकडं बोट करून विचारलं, हा कोण?
खोलीचा प्रश्न होता. मी म्हणालो, बाहेरचा. आणि हाणला. दंडावर, परत दंडावर, हाड मोडल्याचा आवाज येईस्तोवर. पंढरीनं मनात आणलं असतं तर मला उचलून कालव्यात टाकलं असतं. तो फक्त भावजी, भावजी म्हणत राहिला. चांगुणानं त्याला सावरलं आणि मागं न बघता रस्त्याला लागली.
मग संगप्पानं शांतपणे काठी मागितली. मी दिली. पुढची चर्चा चारी बाजूंनी झाली.

९ जानेवारी. देगलूर.
एक डोळा उघडत नाही. बरगड्या दुखतात. तरी सकाळी खडीच्या कामावर गेलो, आपल्या माणसांत. केरबा होता, कपाळाला फडकं. तो दात पडलेलाही होता. कुणी माझ्यावर हात उचलला नाही. कुणी सरकून जागाही दिली नाही.
इथं टोळीशिवाय काम देत नाहीत. कुठलीच टोळी मला घेईना. चांगुणाच्या टोळीत जागा होती, पंढरीचा हात गळ्यात अडकवलेला, त्याला फोडणं जमत नाही. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. चूक झाली म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, खोलीला खिडकी चांगली होती.
मुकादमानं तिला विचारलं, हा तुमचा कोण?
तिनं हातोडा थांबवला नाही. म्हणाली, आमचा न्हाई. बाहेरचा हाय.
मुकादमानं मला रस्त्याच्या कडेला उभं केलं. दिवस मावळेपर्यंत तिथंच होतो. फार रडू आलं.