उत्तरार्धात पकड सुटते

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंदा चित्रपट-समीक्षा, ‘मर्मज्ञ’ या टोपणनावाने एका साप्ताहिकात सलग एकतीस वर्षे लिहिलेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिला आहे. देताना म्हणाले, “आत्ता शाबूत आहे. लिहीत होतात तेव्हाचं मी सांगू शकत नाही.”

कलम १. राहते घर, तीन खोल्या व गच्चीचा हक्क, पत्नीला, तिच्यामागे कन्येला. पत्नी माझी परीक्षणे वाचत नाही असा माझा समज होता. ती दर शुक्रवारी वाचत असे, आणि मी ज्याला झोडपले असेल त्या चित्रपटाला नणंदेला घेऊन जात असे. “तुम्ही नाक मुरडलंत की आम्ही निर्धास्त तिकीट काढायचो,” असे तिने परवा सांगितले. घर तरीही तिलाच.

कलम २. पुरस्कारांच्या सात ढाली. भंगारवाल्याला दाखवल्या. त्याने एक हातात घेतली, नख मारले आणि म्हणाला, “साहेब, हे लाकूड नाही, दाबलेला भुसा आहे.” वस्तूची खरी पारख असलेला माणूस मला आयुष्यात एवढाच भेटला. स्वयंपाकघरातले कपाट डुगडुगते, त्याखाली लागतील तेवढ्या ढाली सरकवाव्यात.

कलम ३. माझा चष्मा साप्ताहिकाच्या सध्याच्या समीक्षकाला. तो अंधारात मोबाइल बघत बसतो आणि बाहेर येऊन साडेतीन तारे देतो. अर्धा तारा कशाचा, हे विचारले तर म्हणाला, “सर, पूर्ण दिले की लोकांना आपण अभ्यासू वाटत नाही.” त्याला चष्म्याची गरज नाही हे मी जाणतो.

कलम ४. हे मालमत्तेचे नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

चोवीस वर्षांपूर्वी एका नवख्या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट आम्हा पाच समीक्षकांना खास खेळ लावून दाखवला गेला. मध्यंतरात नेहमीसारखी खाण्याची सोय नव्हती, नुसता चहा होता. आम्ही पाचही जण उठून समोरच्या हॉटेलात गेलो ते परतलोच नाही. जेवता जेवता मी म्हणालो, “उत्तरार्धात पकड सुटते, असं लिहिलं की झालं.” मी गमतीने म्हणालो होतो. बाकीच्यांनी वह्या काढल्या.

पाचही परीक्षणांत तेच वाक्य छापून आले. नायिकेबरोबर राहणारा माणूस तिचा नवरा, असेही मी लिहिले होते. तो तिचा भाऊ असल्याचे उत्तरार्धात उलगडते. पाचही परीक्षणांत तो नवराच होता.

मग सगळे शहर तज्ज्ञ झाले. तिकीट-खिडकीवरचा माणूसच गिऱ्हाइकाला बजावू लागला, “घ्या, पण उत्तरार्धात पकड सुटते हं.” माझे केस कापणाऱ्याने चित्रपट अजिबात पाहिला नव्हता, त्याने तेच वाक्य मला ऐकवले, आणि मला ते पटले. आठव्या दिवशी चित्रपट उतरला. दिग्दर्शकाने पुन्हा चित्रपट केला नाही. त्याने बाथरूमच्या फरशांचे दुकान टाकले.

पुढे माझ्या कन्येने त्याच्याच मुलाशी लग्न जमवले. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा व्याही वाढता वाढता इतकेच म्हणाले, “सावकाश होऊ द्या. अर्ध्यातून उठू नका.” सगळे हसले. मी दोनदा भात मागून घेतला.

गेल्या वर्षी जावयाने त्या चित्रपटाची जुनी प्रत साफ करून घेऊन टीव्हीवर लावली. भाऊ बहिणीला न सांगता घर विकायला काढतो. तिला कळते, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना तीच घर दाखवत फिरते. कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येते तेही सांगते. एकदाही रडत नाही. मी रडलो. पत्नीने टॉवेल दिला. तिने तो चित्रपट तेव्हाच दोनदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या दुकानात गेलो. ते फरशांचे नमुने पुसत होते.

“मी जाहीर माफी लिहितो,” मी म्हणालो. “असा चित्रपट झाला नाही, असं लिहितो. लोक रांगा लावतील.”

“नको,” ते म्हणाले. “तेव्हा तुम्ही वाईट म्हणालात, लोकांनी न बघता मान डोलावली. आता चांगला म्हणाल, लोक न बघताच मान डोलावतील. यात माझ्या पिक्चरचा संबंध कुठे आला, व्याहीबुवा?”

“मग मी करू तरी काय?”

“गप्प बसता येतं का बघा.”

इतके खरमरीत परीक्षण मी एकतीस वर्षांत लिहिले नव्हते.

कलम ५. सबब, माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतल्यास त्या दिवशी हॉटेलात बरोबर असलेले चौघे समव्यवसायी मला ‘साक्षेपी’ म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणू लागतील. त्याऐवजी जे येतील त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये तो चित्रपट दाखवावा. आधी प्रास्ताविक नको, नंतर चर्चा नको, कोणाचे मतही नको. चौघांना रांगेत भिंतीकडच्या खुर्च्या द्याव्यात, म्हणजे उठताना सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागतील. ही व्यवस्था कन्येने पाहावी. या कागदाची प्रत साप्ताहिकाला देऊ नये.

साक्षीदार म्हणून डॉक्टर व खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले हजर आहेत. मजकूर वाचून झाल्यावर इस्त्रीवाल्यांनी विचारले, “सगळं ठीक आहे साहेब, पण पिक्चर आहे कसा?”

उत्तर विशेषणांसकट जिभेवर आले होते. मी पेन त्यांच्या हाती दिले.

“म्हणजे बघावाच लागणार,” असे म्हणून त्यांनी सही केली.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : ११ सप्टेंबर, शुक्रवार

लिहून ठेवणार : (सही) ‘मर्मज्ञ’
साक्षीदार १ : (सही) फॅमिली डॉक्टर
साक्षीदार २ : (सही) इस्त्रीवाले, तळमजला