चक्कीले कुलूप

१२ जानेवारी, सोमवार
चक्कीवर बसल्या बसल्या डोळा लागला. पदर पट्ट्यात जात होता, शेजारच्या शांतीनं वढली म्हणून वाचली. मंग तिनंच दिनेशले फोन केला, चुगलखोर! पोरगा नालवाडीवरून हजर. चक्कीले कुलूप, चावी त्याच्या खिशात.
"माय, तुहं डोकं आता काम देत नाई. आमच्यापाशी राह्यजो."
"तुह्या घरी काय दळू? तुहं डोकं?"
हसली मी. पण हे गेले, तवापासून ही चक्कीच तं सोबतीले...

१५, गुरुवार
सून दोन रात्री सोबतीले झोपाले आली. समजदार. म्हणे, "आई, तुम्ही घोरता घोरता एकदम बंद पडता. मले भेव लागते." सेवाग्रामकडं दवाखान्यात झोपेची तपासणी होते म्हणे. झोपायची परीक्षा! यात तं मी पहिली येतो.

१९, सोमवार
मोठ्या दवाखान्यात भुरकं डोकं कसं न्यायचं? चांगलं चोपून तेल लावलं. तिथली बाई डोक्याले तारा चिकटवून राह्यली, अन् तारा निसटून राह्यल्या.
"आजी, कितीक तेल हे!"
"घ्या पिळून, फोडणीले होईल."
दोनदा शाम्पू. मंग चिकटल्या. छातीले, पायाले, बोटालेबी. नाकाखाली नळी. वरून म्हणे, निवांत झोपा.

२०, मंगळवार
पास!
डॉक्टरीणबाईनं दिनेशले रेघा दाखवल्या. झोपेत गळा आतून मिटते, श्वास अडते, झोप मोडते. रातभर हेच. म्हणून दिवसा डुलक्या. "डोकं ठणठणीत आहे."
म्या म्हटलं, "बाई, आणखी एकदा सांगा. याले कमी ऐकू येते."
रात्री तोंडावर हवेचं मशीन लावायचं. चक्कीचं महिन्यानं पाहू म्हणे.

२ फेब्रु., सोमवार
मशीनची नळी म्हणजे सोंडच. शांती पाहून किंचाळली. म्हटलं, केळझरले काऊन जातं? गणपती घरीच बसला, नारळ फोड.

१६, सोमवार
भजनात शेवटपर्यंत टक्क जागी! शांतीच पेंगली. चिमटा घेतला तिले. लय बरं वाटलं.

२२, रविवार
दिनेश आला. म्हणे, "पाह्यतो तू किती जागी राह्यतं ते." बसला खुर्चीत समोर. मी तांदूळ निवडून राह्यली. थोड्यानं पाह्यतो तं पोट्टाच घोरून राह्यला! घोरता घोरता एकदम गप. श्वासच नाई. माह्या हातातलं सूप सुटलं. मंग फुर्रकन दचकून उठला.
"गाडीवरबी असा झोपतं काय रे?"
"...कधीमधी."
फटफटीची चावी टेबलावर होती. उचलून कमरेले खोचली. म्हटलं, "बसनं जाजो. आधी तपासणी कर, मंग गाडी. अन् उद्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं मले हो म्हटलं, तं चक्कीची चावी देजो."
बाहेर ओट्यावर बसून आहे अजून. सुनेले फोन लावून राह्यला, तपासणीची तारीख इचाराले.