चंद्रावरचा फोटोवाला

इर्शाद,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. पाठवणार मात्र नाही.

कामशेतचा फोटो स्टुडिओ बंद केल्यावर अब्बांनी एकच फ्रेम घरी आणली होती, चंद्रावर उभ्या अंतराळवीराची. ईदला आलास आणि "नमाजाच्या खोलीत कुणाचा चेहरा नको" म्हणत तीच उतरवलीस. वर लोणावळ्याच्या दोस्ताला हॉटेलात लावायला दिलीस. वा रे शहाण्या! चेहरा होता कुठं त्यात? हेल्मेटच्या काचेत फक्त समोरून फोटो काढणारा दिसत होता, नखाएवढा.

अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच दाखवायचे. "ह्यो बगा, आपल्याच धंद्यातला. चंद्रावर जाऊनबी दुसऱ्याचाच फोटो काढतोय."

आता त्यांना आपली नावंही आठवत नाहीत. रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारतात, "फोटोवाला कुटं गेला?"

त्यांना त्यांचाच फोटो दाखवावा म्हणून काल सगळे अल्बम पालथे घातले. तुझ्या बारशापासून माझ्या निकाहापर्यंत सगळं आहे, अब्बा कुठंच नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.

घरात त्यांचा तेवढा एकच फोटो होता, इर्शाद. तो तू हॉटेलात लावायला दिलास.

अजून चिडलेली,
बिस्मिल्ला आपा