चौथ्या पायाखालचे पत्रे

मी, खाली सही करणारी, मशीन बसवण्याच्या वर्कशॉपची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी रागात आहे हे खरं. पण रागावलेल्या माणसाचं डोकं फिरलेलंच असतं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मी कायदे वाचले आहेत.

१. वर्कशॉपवरच्या माझ्या दोन खोल्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. ती जिना उतरतानाही पायरी बघून उतरते. बापाची घाई तिच्यात आलेली नाही. पुस्तकं कामगार संघटनेच्या वाचनालयाला द्यावीत. ज्या अध्यक्षांनी माझं भाषण रंगात आल्यावर माईक बंद केला, त्यांना मात्र एकही पुस्तक घरी नेऊ देऊ नये.

२. माझं डायल गेज, म्हणजे केसभर फरकही दाखवणारं काट्याचं मापयंत्र, आणि शिमची पेटी कागद गिरणीत पंप चालवणाऱ्या बाईंना द्यावी. सगळे त्यांना मावशी म्हणतात. कारणही लिहिते, म्हणजे उद्या कोणी 'म्हातारीला चळ लागला होता' म्हणायला नको.

शिम म्हणजे मशीनच्या पायाखाली सरकवायची पातळ, सपाट स्टीलची पट्टी. मोटर चार पायांवर बसते. एक पाय केसभर अधांतरी राहिला, तर ते अंतर मोजायचं आणि तेवढ्याच जाडीची पट्टी घालायची. पट्टी स्वच्छ हवी, कडा घासलेल्या हव्यात. एका पायाखाली फार तर तीन-चार. पातळ पट्ट्या जाड पट्ट्यांच्या मधे. पत्र्यांची चळत रचली की ती गादीसारखी दबते. आणि पाय अधांतरी असताना नुसता बोल्ट आवळला, तर पाय खाली येतो खरा, पण मोटरचं अंग पिळवटतं, मोटर आणि पंप एका रेषेत राहत नाहीत आणि बेअरिंग जळतं. यात गुपित काही नाही. माझ्या भावाला हे सगळं येतं. म्हणूनच चीड येते.

गिरणीच्या पंपाची मोटर बसवायला तो गेला तेव्हा पेटी वर्कशॉपमध्येच विसरला. परत यायचा कंटाळा. बिस्किटांचा रिकामा डबा कापला, सात तुकडे चौथ्या पायाखाली कोंबले आणि पान्याला लांब पाइप लावून बोल्ट आवळला. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दादा, ही मोटर कण्हतेय हो."

"नवी आहे, मावशी. रुळेल."

बेअरिंग जळलं. मालकाने जाब विचारला तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "बाईंनी ग्रीस दिलं नसणार." मावशींना त्याच दिवशी कामावरून काढलं.

मोटर मी उघडली. ग्रीस व्यवस्थित होतं. पायाखालून डब्याचे तुकडे निघाले; एकावर अर्धं फूल छापलेलं होतं. ते घेऊन मी मालकापुढे उभी राहिले.

"तुमचा भाऊच सांगतोय, बाईची चूक," मालक म्हणाला. "घरची भांडणं इथे कशाला आणता?"

भावाला विचारलं, तर म्हणतो, "ताई, चार पत्र्यांसाठी एवढा आरडाओरडा?"

"सात," मी म्हणाले. "आणि पत्र्यांसाठी नाही."

३. तो लांब पाइप गिरणीमालकाला द्यावा. त्याने तो दिवाणखान्यात टांगावा. जे जागेवर बसत नाही ते आवळून बसवायची सवय त्यालाही आहे.

४. वर्कशॉप भावाला मिळेल, एका अटीवर. माझ्या हयातीत त्याने गिरणीच्या फाटकावर, पाळी बदलताना, सगळ्यांसमोर म्हणावं: "मोटर मी चुकीची बसवली. मावशींचा दोष नाही." 'गैरसमज झाला', 'परिस्थितीच तशी होती' असली भाषा चालणार नाही, ती मी पुष्कळ व्यासपीठांवर ऐकली आहे. तो बोलला नाही, किंवा त्याचा हक्क कोणत्याही कारणाने गेला, तर वर्कशॉप आमच्या दोन फिटरांना आणि मावशींना मिळून द्यावं.

५. साक्षीला सही करणाऱ्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, हे वकिलांनी सर्वांसमोर समजावून सांगितलं. एक साक्षीदार वकिलांचा कारकून. दुसरा शेजारचा वेल्डर यायचा होता. त्यानंतर जे घडलं ते मुद्दाम नोंदवते. भाऊ दारातून म्हणाला, "वेल्डरला कशाला बोलावतेस? मी करतो सही."

"वर्कशॉप जाईल."

"ऐकलं मी, ताई."

"मग फाटकावर जाऊन बोल आणि वर्कशॉप घे!"

"वर्कशॉपसाठी बोलला म्हणतील सगळे. मावशींना तरी खरं वाटेल का? पेन दे."

मी पेन दिलं. राग अजून गेलेला नाही, तेही इथे नोंदवून ठेवते. या कागदाची प्रत उद्या गिरणीच्या फाटकावर मी स्वतः लावणार आहे.

स्थळ: वर्कशॉप, कामाचं टेबल
तारीख: सतरा, शनिवार

सही: वर्कशॉपची मालकीण

साक्षीदार पहिला: वकिलांचा कारकून. सही.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही. सहीखाली त्याच्याच अक्षरात:

"वर्कशॉपवरचा हक्क सोडून सही करतो. मोटर मी बसवली. पत्रे मी कापले. मावशींनी ग्रीस दिलं होतं."